टीव्हीच्या मागे बसणारा

केडगावहून येणाऱ्या आमच्या टीव्ही दुरुस्तीवाल्याने टीव्हीला कधी दोष दिलेला नाही. चित्र हलले की तो आधी खिडकीबाहेर बघतो आणि शेजारच्या मिक्सरला नावे ठेवतो.

नातवंडांनो, तुम्ही अमेरिकेहून पाठवलेली वाढदिवसाची कॅसेट लावली, तर तुम्ही दोघे बिनरंगाचे आणि सारखे वर सरकणारे. पाय वर, डोकी खाली.

"पोरंच लई हालत्यात, आजी. टीव्ही बरोबर हाय."

"अरे, मला त्यांचे चेहरे तरी दिसू देत."

तो टीव्हीमागे बसला आणि त्याने एक बारीक बटण बोटाने दाबून धरले. चित्र थांबले. बोट काढले की पुन्हा सरकायचे, म्हणून त्याने ते काढलेच नाही. त्याच्यासाठी केलेला चहा निवून गेला. मागूनच तो विचारत राहिला, "आता काय करतंय धाकटं?"

"केकवरचं क्रीम दादाच्या नाकाला लावतंय."

"लावू द्या."

कॅसेट संपल्यावर मी म्हटले, "आता मी बटण धरते, तू समोर बस." त्याने कॅसेट पुन्हा पहिल्यापासून लावली, पण माझ्या हाताखाली तुम्ही पुन्हा वर पळू लागलात.

"उठा आजी," तो म्हणाला. "मी ऐकलंय की समदं. तुमी बघा अजून एकदा." आणि तो परत मागे जाऊन बसला.