झाडाचं शिफारसपत्र

फणस माझ्या डोक्यावर होता आणि चीक कानात उतरत होता.

अर्धाच फणस. उरलेला अर्धा आम्ही खाल्लेला. मी दहा वर्षांचा. खोताच्या खळ्यात उभा. वैशाखातलं ऊन. तळवे भाजतायत म्हणून एकदा हा पाय वर, एकदा तो. ओटीवर खोत सुपारी कातरत बसलेला. त्याच्या घरची पोरं खांबाला धरून मला बघत होती. मी पाय बदलला की हसत होती. खोटं कशाला सांगू, सुरुवातीला मीही जरा जास्तच पाय बदलले. बघणारे मिळाले की मला चढतं, हा माझा जुना रोग.

झालं होतं एवढंच, की आमच्या परड्यातल्या झाडाचा फणस आपला आपण पडला आणि फुटला. आईने आम्हा भावंडांना गरे दिले. पण झाड आमच्या परड्यात असलं तरी खोताचं. माती खोताची, खोड खोताचं. पडलेलं फळसुद्धा आधी त्याच्या ओटीवर नेऊन दाखवायचं, मग तो देईल ते घ्यायचं, अशी वहिवाट. आई ती विसरली नव्हती. धाकटी रडत होती, म्हणून तिने आधी गरे काढले आणि मग ओटीवर न्यायला निघाली. तोवर कोणीतरी जाऊन सांगितलं होतं.

खोत मला म्हणाला, "काय रे, कापा की बरका?"

"कापा."

"गोड होता?"

"होता."

ओटीवर हशा. मग तो आईकडे वळला. ती खळ्याच्या कडेला, पदर दोन्ही हातांनी धरून उभी.

"तुझा पोर कोण आहे ते सांग सगळ्यांना."

आईला कळलं नाही.

"म्हण, माझा पोर चोर."

आई म्हणाली, "माजा पोर चोर."

आवाज चढवला नाही, उतरवला नाही. गुरं परतली, असं सांगावं तसं सांगितलं. मी तिच्याकडे बघायला मान वळवली, तसा फणस घसरला. खोत म्हणाला, "सांभाळ. माल माझा आहे."

फणसाचा चीक पाण्याने जात नाही. त्याला तेल लागतं. घरात तेल पणतीपुरतं. आईने मला विळीसमोर बसवलं आणि केस कापले. मी तिला हसवायला माकडासारखं तोंड केलं, तेव्हा तिने फक्त माझं डोकं सरळ केलं.

केस परत आले. आईचा तो आवाज गेला नाही. आज मी पन्नाशीला टेकलो आहे. सभा हसवतो, लग्नाच्या मांडवात नकला करतो, लोक मला मुद्दाम बोलावून नेतात. पण अजून रस्त्यात कोणी डोक्यावरून फणस नेताना दिसला की मी थांबतो. आणि आधी त्याच्या आईला शोधतो. आई आसपास नसली की पुढे जातो. असली तर माझ्याने जाववत नाही. ती आता काहीतरी बोलेल, असं वाटत राहतं.

मी मॅट्रिक झालो. कसा झालो ते सांगत बसलो तर दिवस मावळेल. बाबा मुंबईला गिरणीत, मी देवरूखला एका दुकानाच्या पडवीत निजून शिकलो, एवढं पुरे. त्या सुमाराला रत्नागिरीत वकील आणि व्यापाऱ्यांची एक मंडळी होती. दर वर्षी जिल्ह्यातल्या एका गरीब, हुशार मुलाला ती मुंबईला कॉलेजात धाडायची. राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं मंडळीकडून. मुलगा एकच. अर्जासोबत गावातल्या प्रतिष्ठित गृहस्थाचं शिफारसपत्र लागे. आमच्या गावात प्रतिष्ठित गृहस्थ एकच. तो ओटीवर सुपारी कातरत बसलेला असे.

मी गेलो. "चांगल्या वर्तणुकीचा दाखला?" तो म्हणाला. "तुला?" आणि आतल्या घराकडे वळून मोठ्याने, "अगं ऐकलंस का, फणस आलाय."

संपलं, असं मी धरून चाललो. पण त्या वर्षी मंडळीत एक निवृत्त हेडमास्तर होते, डोक्याने जरा वेगळे. शिफारसपत्रं सगळी सारखीच असतात, असं म्हणून त्यांनी ती बंद पाडली आणि त्याऐवजी प्रश्न काढले. कोणताही एक सोडवा. पहिला: समुद्राने तुमच्याकडून एक वस्तू परत मागितली तर कोणती द्याल? दुसरा: आजवर कोणालाही न विचारलेला तुमचा प्रश्न कोणता? तिसरा: ओळखीच्या एका झाडाकडून स्वतःसाठी शिफारसपत्र लिहून आणा.

रत्नागिरीतल्या पोरांनी डोकी धरली. असले प्रश्न कुठल्याच पुस्तकात नव्हते. एका वकिलाच्या मुलाने नारळ निवडला आणि त्याच्या तोंडी संस्कृत सुभाषितं घातली. मी मात्र प्रश्न वाचून घरी नाचत गेलो. माझी बाजू घेईल असं झाड मला ठाऊक होतं.

पत्र लिहून आईला वाचून दाखवलं. ती तांदूळ पाखडत होती. सूप थांबलं.

"झाडाकडना लिवून घेतलंस," ती म्हणाली, "पन खोताक इचारलंस काय? झाड त्येचा हाय."

मी हसून लोळलो. ती हसत नव्हती. मग मीही थांबलो. झाडाने माझ्याबद्दल बरं बोलावं, तर त्यालाही खोताची परवानगी हवी. आईला हे विनोदाने सुचलं नव्हतं. तिला खरंच तसं वाटत होतं.

मी लिहिलं होतं ते असं: "मी फणस. मला लिहिता येत नाही, म्हणून याच्याकडून लिहवून घेतो. हा मुलगा माझ्या अंगाखांद्यावर वाढला. माझ्या फांदीवर बसून याने भूमिती केली आणि चुकली तेव्हा माझीच पानं ओरबाडली. खोड्या पुष्कळ आहेत. पण चोरी करताना मी याला पाहिलेलं नाही. वैशाखातल्या त्या सकाळी फळ मी स्वतः सोडलं. माझं वय झालं, देठ सैल होतात. माझ्या चुकीसाठी याला उन्हात उभं केलं आणि याच्या आईकडून खोटं वदवलं. तेव्हा मला कोणी विचारलं नाही. आज पहिल्यांदा विचारताय, म्हणून सांगतो."

खाली झाडाची सही हवी. मी खोडाला कोयत्याने टोचलं, चिकाचा थेंब कागदावर घेतला आणि त्यावर एक पान दाबलं. दोन दिवस चालून अर्ज रत्नागिरीला नेऊन दिला.

पंधरा दिवसांनी बोलावणं आलं. मंडळी एका वकिलांच्या माडीवर बसली होती. आम्ही पोरं चटईवर. माझा कागद उघडायला गेले तर तो नारळाच्या कागदाला घट्ट चिकटलेला. चिटणिसांनी ओढला. नारळाचं अर्धं सुभाषित फाटून माझ्या फणसाकडे आलं. पुसा, तेल आणा, अशी धांदल उडाली आणि मी पोटात हसू दाबून बसलो. त्या माडीवर मी सुखी होतो तो तेवढाच वेळ.

हेडमास्तरांनी माझं पत्र मोठ्याने वाचलं. छान वाचलं. शेवटी चष्मा काढून म्हणाले, "पस्तीस वर्षं पेपर तपासले. असं वाचलं नव्हतं."

अध्यक्ष वकील होते. गोरे, शांत, बोलणं मऊ. ते म्हणाले, "कल्पनाशक्ती उत्तम आहे मुलाची."

मी म्हटलं, "कल्पना नाही, साहेब. झालं ते आहे."

"म्हणजे?"

"मीच उभा होतो."

ते रागावले नाहीत. "मीही दोन गावांचा खोत आहे," ते म्हणाले. "आमच्याकडे असं होत नाही. हे पत्र मंडळीच्या अहवालात छापलं जाईल. लोक दुखावतील. तू हुशार आहेस, जागा तुझीच. खाली एक ओळ लिही, 'प्रस्तुत प्रसंग सर्वस्वी काल्पनिक आहे.' आणि सही कर. परवाच्या बोटीचं तिकीट मंडळी काढेल."

टाक माझ्या हातात दिला. दौत पुढे सरकवली.

मी हेडमास्तरांकडे पाहिलं. हा प्रश्न त्यांचा होता. झाडाला बोलायला त्यांनीच लावलं होतं. ते दौतीकडे बघत होते. जणू शाई पुरेल की नाही, याचाच त्यांना घोर होता. तो चेहरासुद्धा माझी पाठ सोडत नाही. खोताला मी शिव्या देऊ शकतो. या माणसाला अजून देता येत नाहीत.

आणि तिथे, टाक हातात असताना, मला आईचा तो सपाट आवाज कळला. इतकी वर्षं मला वाटत होतं, ती घाबरली. मनात कुठेतरी तिच्यावर रागही होता. पण तिच्यासमोर एक तयार वाक्य ठेवलेलं होतं. म्हण आणि पोराला घरी ने. माझ्यासमोरही तयार वाक्य होतं. म्हण आणि मुंबईला जा. तिला दरडावून दिलेलं, मला गोड बोलून, बोटीच्या तिकिटासकट. तिच्याकडे उन्हात उभं पोर होतं. माझ्याकडे कोण होतं? मला नाही म्हणता येत होतं. तिला येत नव्हतं.

मी लिहिलं: "प्रस्तुत प्रसंग सर्वस्वी खरा आहे. झाड बोलतं, एवढंच मी रचलं." आणि सही केली.

अध्यक्षांनी वाचलं, कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "पुढचा."

नारळ मुंबईला गेला.

मी घरी आलो. आईला सगळं सांगितलं. जागा गेली हेही सांगितलं. तिने विचारलं, "मंग खरा म्हनान लिवलंस?" मी हो म्हटलं. तिने मला भाकर वाढली आणि समोर बसून राहिली. मी जेवेपर्यंत उठली नाही.

महिन्याभराने लावणी आली. आमच्याकडे कुळांनी आधी खोताची शेतं लावायची, आपली भाकर बांधून नेऊन. ही वेठ. स्वतःच्या शेताला हात लागेपर्यंत तरवा, म्हणजे भाताची रोपं, वाढून म्हातारा होई. त्या सकाळी मी उठलो तर आई खोताकडे गेलेली नव्हती. आमच्याच चोंढ्यात, त्या सखल भातखाचरात, वाकून रोपं लावत होती. मीही चिखलात उतरलो.

दुपारी खोताचा गडी बांधावर आला.

"सगळी कुळं गेली. तू हितं काय करतंस?"

आई वाकलेलीच. "लावनी."

"आधी खोताची, मंग आपली. म्हायत नाय?"

"म्हायत हाय."

"मंग?"

"औंदा आमची आधी."

गडी माझ्याकडे बोट करून म्हणाला, "ह्या पोरानं शिकवलंन तुला."

आई कमरेवर हात ठेवून ताठ झाली. "त्येला काय अक्कल हाय? कालेज सोडून चिखलात आलाय."

मी त्या माणसाच्या जवळ गेलो. त्याचंही घर खोताच्याच जमिनीवर होतं, त्याला मी काय बोलणार. जमीन काढून घेतील, घर उठवतील, हे आईला आणि मला, दोघांनाही ठाऊक होतं. मी म्हटलं, "खोताला जाऊन सांग. आम्ही वेठीला येणार नाही. जाब द्यायलाही येणार नाही. हे शेत सोडून उठणारही नाही."

तो गेला नाही. घुटमळला. "खोत इचारतील, आनखी काय म्हनालास?"

"एवढंच. खोत हे बदलून मागतील. तेव्हा तू परत ये. मी परत हेच सांगेन."