भरून आलेला डबा आणि रानडुक्कर

मी जन्मात कधी झुरळसुद्धा स्वतः मारलं नाही, ह्यांना हाक मारायची. आणि सत्तरी उलटल्यावर जपानात येऊन दारोदार काय मागत फिरले, तर रानडुकराला गोळी घालायची परवानगी! हसू नका, ऐका.

लेक त्सुकुबाला संशोधन करते, मी तिच्याकडेच असते. डोंगराच्या पायथ्याशी शेताचा एक तुकडा भाड्याने घेतलाय, तिथे मी रताळी लावली होती. वेल असे पसरले की लेकीला म्हटलं, "यंदा उपासाला विकतचं रताळं घरात आणायचं नाही." आणि एका सकाळी जाऊन बघते, तर कडेचा अख्खा वाफा उकरलेला.

गावात पोस्टातून निवृत्त झालेले एक शिकारी आजोबा आहेत. डुकरं मारायचा सरकारी परवाना आहे त्यांच्याकडे. त्यांनी माग बघितला. लेक मला मराठीत सांगत होती. म्हणाले, "पलीकडच्या बांबूच्या बनातून येतंय. मला शेजारच्या शेतात उभं राहावं लागेल. पण तिथे भात उभा आहे, मालकाच्या होकाराशिवाय बंदूक घेऊन पाय ठेवता येत नाही. मी विचारलं की ते नुसतं बघू म्हणतात. तुम्ही विचारा, आजी."

मला वाटलं, त्यात काय एवढं! बेसनाचे लाडू वळले, स्टीलच्या डब्यात भरले आणि लेकीला घेऊन त्या भातशेताच्या मालकाच्या दारात गेले. माझ्याच वयाचा भला माणूस. सगळं ऐकून घेतलं, दातांतून सूऽऽ करून हवा आत ओढली, आभाळाकडे बघितलं आणि म्हणाला, "जरा अवघड आहे, नाही का..."

"आई, हा नकार आहे," लेक परतताना म्हणाली.

"नकार कसला? हसत होता की!"

आणि दोन दिवसांनी डबा परत आला, चेस्टनटनी काठोकाठ भरून. मी तर हरखलेच. रिकामा डबा परत करायचा नाही, ही आपली रीत यांच्यातही आहे म्हणजे! झालं आपलं काम. मी शिकारी आजोबांना बोलावणं धाडलं.

आले बिचारे. गाडीतून बंदुकीची पेटी काढता काढता थांबले. "तोंडाने हो म्हणालेत का?"

"डबा भरून आलाय ना!"

त्यांनी पेटी परत आत सरकवली. "आजी, डबा भरून आला म्हणजे फिटंफाट. तुम्ही दिलंत, त्यांनी दिलं. आता तुमच्या मागण्याचं ओझं त्यांच्यावर राहिलं नाही."

घ्या! माझं डोकंच फिरलं. पुन्हा लाडू केले, पुन्हा गेले. पुन्हा सूऽऽ, पुन्हा आभाळ. डब्यातून या वेळी वांगी आली. आमच्या घरात त्यांची वांगी, त्यांच्या घरात माझे लाडू, आणि मधल्या शेतात डुक्कर निवांत.

"आज सरळ विचार त्यांना," मी लेकीला म्हटलं. "हो की नाही?"

"अगं आई, असं विचारत नाहीत इथे."

"मग कसं विचारतात?"

"विचारतच नाहीत."

आता बोला. मी इकडे वाट बघत बसले आणि तिकडे डुकराने एकेक वाफा करत सगळं संपवलं. शेवटी काढायला गेले तर हाताला देठं आणि चिखल. एवढं उन्हातान्हात वाकून वाढवलेलं, डोळ्यांत पाणीच आलं माझ्या. तेवढ्यात मालक बांधावर आला. टोपी काढली, कमरेत वाकला आणि स्वतःच्या परसातल्या रताळ्यांनी भरलेली बांबूची टोपली माझ्यापुढे ठेवली. मी हाताने बंदूक करून दाखवली, त्याच्या शेताकडे बोट केलं. त्याने हवा आत ओढली. सूऽऽ! का नको, ते काही कळायला मार्ग नाही.

त्या रताळ्यांचा कीस केला. गोड होता, मेला.

टोपली अजून माझ्या बाल्कनीत आहे. लेक रोज मागे लागते, "आई, काहीतरी भरून देऊन ये ना ती, बरं दिसत नाही." मला का कळत नाही? पण भरून दिली की फिटंफाट होणार, आणि रिकामी द्यायला माझा हात उचलत नाही. मग राहू दे तिथेच. वसंतात मी पुन्हा रताळी लावणार आहे. जोवर टोपली माझ्याकडे, तोवर आमचा हिशेब उघडा, आणि तोवर माझं मागणं त्याच्या दारात उभं आहे.