मंगळवारचा रिकामा रकाना

बंगळुरात चिकपेटमध्ये पडद्यांचं कापड बघत होते, तेव्हा आमच्या रेडिओ स्टेशनच्या ग्रुपवर मेसेज आला. कन्नडमध्ये दोनच शब्द. अण्णा गेले. दुकानदार विचारत होता, किती मीटर कापू, आणि मी त्याला उत्तर द्यायचं सोडून फोनवर आमचं स्टेशन लावलं. चालू आहे की नाही ते बघायला. चालू होतं. कुणी डॉक्टर डासांविषयी बोलत होते. ते ऐकत मी कापडाच्या गठ्ठ्याला टेकून उभी राहिले, आणि मग रडू आलं. सवय अण्णांचीच. काहीही होवो, आधी स्टेशन लावून ऐकायचं, बाकीचं नंतर.

बसवंतअण्णा मूळचे निपाणीकडचे. घरात मराठी, शाळेत कन्नड, आणि उभा जन्म बंगळुरात आवाजाची यंत्रं दुरुस्त करण्यात गेलेला. निवृत्त झाल्यावर बेळ्ळंदूरच्या बाजूला आमच्या छोट्याशा रेडिओवर तंत्रज्ञ म्हणून आले. मी नवऱ्याच्या नोकरीपायी पुण्याहून एचएसआर लेआउटमध्ये येऊन पडलेली, घरी बसून चिडचिडी झालेली. तिथे कार्यक्रम तयार करायचं काम मिळालं. पहिल्या दिवशी मी दोन वाक्यं बोलले असेन-नसेन, तर अण्णा म्हणाले, "पुण्याच्या काय? मग बोलायचं तुम्ही बघा. वायरी आम्ही बघतो की." मी त्यांच्या मुलीच्या वयाची, पण हाक मात्र कायम 'अक्का'.

आमच्याकडे दिवसभराची गाणी, मुलाखती, सूचना असं सगळं एक सॉफ्टवेअर ठरलेल्या वेळी आपलं आपण लावतं. जे चालू असेल त्याची ओळ स्क्रीनवर हिरवी होते. आम्ही सगळे त्या हिरव्या ओळीवर विसंबून. अण्णांचा तिच्यावर काडीचा विश्वास नव्हता. त्यांच्या शर्टाच्या खिशात एक छोटा ट्रान्झिस्टर असायचा. "हिरवं झालंय म्हणजे त्याला वाटायलंय की ते वाजवायलंय," ते म्हणायचे. "बाहेर काय ऐकू यायलंय ते बघा आधी." आणि बिघाड शोधायचा तो शेवटाकडून मागे येत. आधी ट्रान्झिस्टर, मग ट्रान्समीटर, मग मधल्या तारा, आणि सगळ्यात शेवटी कॉम्प्युटर. मला हे सगळं फार वेळखाऊ वाटायचं, तसं मी तोंडावर बोलूनही दाखवलं होतं. ते हसून म्हणाले होते, "स्वल्प थांबा की, अक्का."

त्यांचं एक रजिस्टर होतं. प्रत्येक बिघाडासाठी तीन रकाने. काय झालं, का झालं, काय केलं. त्यात कुणाचं नाव कधीच नसायचं. मी एकदा विचारलं, चूक कुणाची ते कसं कळणार? तर म्हणाले, "नाव लिहायला लागलो की माणसं लपवतात. मग बिघाड सापडत नसतोय." इतकं सरळ सांगितलं होतं त्यांनी मला. तरीही मी जे केलं ते केलंच...

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. तळ्याकाठच्या वस्तीत फुलं विकणाऱ्या शांताक्कांची मुलाखत मंगळवारी अकरा वाजता लागायची होती. बाईंनी आपली अख्खी गल्ली दारात गोळा केली होती. आदल्या संध्याकाळी मी माझ्या सोयीसाठी कार्यक्रम लावणाऱ्या कॉम्प्युटरला दुसरा मोठा स्क्रीन जोडला होता, अण्णांना न विचारता. त्या स्क्रीनला स्वतःचा स्पीकर होता. मंगळवारी अकराच्या तोंडावर कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला तेव्हा त्यानं सगळा आवाज तिकडे वळवला, आणि स्पीकर तर बंद. अकराला मी शेजारच्या खोलीत ध्वनिमुद्रण करत होते, फोन बंद ठेवून. काचेतून बघितलं, ओळ हिरवी होती. मी निर्धास्त. सतरा मिनिटं हवेत काहीही गेलं नाही.

अण्णा तेव्हा बसमध्ये, रिंग रोडच्या गर्दीत अडकलेले. ट्रान्झिस्टर गप्प झाला तसे ते उतरून चालत निघाले. इकडे शांताक्कांच्या नातीचा ऑफिसात फोन आला, तेव्हा कुठे मी धावत आले. नव्या स्क्रीनची तार पाहिली आणि एका क्षणात सगळं समजलं. तार उपटली, कार्यक्रम पुढून लावला, आवाज आला. मुलाखत तोवर संपतच आली होती. घामाघूम होऊन अण्णा दारात पोचले, म्हणाले, "काय होतं?" मी म्हटलं, "आपोआप बंद पडलं, अण्णा. आपोआप सुरू झालं."

"आपोआप काय होत नसतंय, अक्का," एवढंच ते बोलले आणि शोधायला बसले. दुसऱ्या दिवशी मुलाखत पुन्हा लावली. अण्णा स्वतः ट्रान्झिस्टर घेऊन शांताक्कांच्या दारात बसले, सगळ्या गल्लीबरोबर ती ऐकली, आणि येताना शांताक्कांनी माझ्यासाठी दिलेला मोगऱ्याचा गजरा घेऊन आले. मी तो पिशवीत टाकला. माळायचं धाडस झालं नाही.

गुरुवारी सकाळी त्या स्क्रीनच्या तारेला एक चिठ्ठी चिकटवलेली दिसली. अक्षर अण्णांचं. 'ही लावली की आवाज इकडे जातो. प्रसारण चालू असताना लावू नये.' म्हणजे त्यांना कळलं होतं. अण्णा शेजारी कपात बिस्कीट बुडवत बसले होते. मला म्हणाले, "चहा झाला?"

शनिवारी कमिटीची बैठक. अध्यक्षांनी बिघाडाचं कारण विचारलं. मी अण्णांपासून दोन खुर्च्या सोडून बसले होते. माझी नोकरी त्याच महिन्यात कायम व्हायची होती, हे अण्णांना ठाऊक होतं. ते म्हणाले, "सापडलं नाही. शोधायलोय." कमिटीनं ठरवलं की यापुढे हे काम बाहेरची कंपनी बघेल, अण्णांनी आठवड्यातून दोन दिवस येऊन बसावं. अण्णा कन्नडमध्ये "सरी" म्हणाले, म्हणजे ठीक आहे. मला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं. घरी जाऊन नवऱ्यावर उगाचच डाफरले.

सांगेन सांगेन म्हणत दोन वर्षं गेली. अण्णा जाण्याआधी तीन आठवडे, त्यांच्या आजारपणात, त्यांना घरी भेटायला गेले, ते आज बोलायचंच असं ठरवून. उशाशी ट्रान्झिस्टर, अगदी बारीक आवाजात. मी ट्रॅफिकबद्दल बोलले, लेकीच्या शाळेबद्दल बोलले... ते म्हणाले, "कंपनीवाले शेवटाकडून मागं येतात काय?" मी म्हटलं, नाही अण्णा, ते त्यांच्या ऑफिसात बसून स्क्रीनवरच बघतात.  मी निघताना ते म्हणाले, "रजिस्टर कपाटात हाय. कोण बघत नसतील आता. तुम्ही तरी बघा की." मी हो म्हटलं आणि विसरले.

ते गेल्यावर पंधरा दिवसांनी कपाट उघडलं. पानामागून पान भरलेलं, कन्नड वळणाच्या त्यांच्या देवनागरीत. मग तो मंगळवार. काय झालं: 'सतरा मिनिटं आवाज नाही.' काय केलं: 'तारेला चिठ्ठी लावली.' आणि मधला रकाना, का झालं, कोरा. मी सगळं रजिस्टर मागेपुढे चाळलं. दुसरा एकही रकाना त्यांनी कोरा सोडलेला नव्हता. नाव न घेता लिहिता आलंच असतं त्यांना, नेहमी तसंच लिहायचे. कमिटीला सांगितलं त्याच्याशी जुळावं म्हणून सोडला, की माझ्यासाठी? आता विचारायचं कुणाला?

मी खुर्ची ओढून बसले आणि त्या रकान्यात लिहिलं: 'सोमवारी मी दुसरा स्क्रीन जोडला. मंगळवारी तार काढली आणि अण्णांना खोटं सांगितलं.' खाली माझं नाव. त्या रजिस्टरमधलं ते पहिलंच नाव, अण्णांना आवडलं नसतं. ते पान मी अध्यक्षांना नेऊन दाखवलं. ते वाचून म्हणाले, "आता याचा काय उपयोग?" उपयोग काहीच नाही. पण त्या दिवशीची शांतता सगळ्यांनी ऐकली होती, म्हणून कारणही इथे सगळ्यांसमोर सांगते आहे.

अण्णांच्या पत्नीनं ट्रान्झिस्टर मला दिला. तो टेबलावर ठेवते, लिहिताना आत्ताही चालू आहे. दोन कार्यक्रमांच्या मध्ये तो क्षणभर गप्प होतो, तेव्हा मी हातातलं काम थांबवते, आणि पुढचा आवाज येईपर्यंत तशीच बसून राहते.