प्लॅस्टिकच्या दाराला लाथ

माझी अक्षरओळख पत्रकांवर झाली. घरी गोष्टीची पुस्तकं नव्हती, वडिलांनी छापून आणलेल्या युनियनच्या पत्रकांचे गठ्ठे होते. त्यामुळे कॉलेजसाठी पुण्याहून बंगळूरला काकांकडे आले, तेव्हा भांडवलशाही कशी दिसते हे मला ठाऊक होतं. ती काकांसारखी दिसायची.

काका आजारी कारखाने बरे करायचे. आधी फरशांचा, मग रंगाचा आणि त्या नव्वदच्या दशकात आनेकलजवळचा, बाथरूमची प्लॅस्टिकची दारं बनवणारा. दार पाण्याने फुगत नव्हतं, कुजत नव्हतं आणि खपतही नव्हतं. प्लॅस्टिक म्हटलं की लोकांना बादली आठवायची. शहरातल्या दारं-कड्यांच्या सर्वांत मोठ्या व्यापाऱ्याने माल ठेवला तर कारखाना चालेल, नाहीतर कुलूप, असा मालकांचा निरोप होता. कामगारांच्या बाजूने मी रोज जेवताना भांडायचे. काका म्हणायचे, "अगं, मीही त्यांच्यासाठीच मरतोय. पोळी घे."

शेवटी काकांनी त्या व्यापाऱ्याला बनशंकरी भागातल्या आमच्या घरी जेवायला बोलावलं. पिढ्यान्‌पिढ्या इथलाच मराठी माणूस, बोलता बोलता कानडीत शिरणारा. "अण्णा, स्वल्प हात धुतो," म्हणत तो बाथरूममध्ये गेला. दार अर्थातच कारखान्याचं.

थोड्या वेळाने आतून आवाज आला, "अण्णा, कडीची मूठ हातात आली की!"

काका पांढरे पडले. दार फोडावं, तर ते तकलादू ठरणार. फुटलं नाही, तर गिऱ्हाईक आतच राहणार. तापलेल्या कपाळावरून फिरवावा तसा त्यांनी दारावरून हात फिरवला.

"फोडा ते दार!" मी ओरडले. "माणूस मोठा की माल?"

"हळू! त्यांना ऐकू जातंय."

"जाऊ दे! नफ्यासाठी एक जिवंत माणूस कोंडून..."

"बरोबर बोलते," आतून दुजोरा आला. "कोण ही?"

"पुतणी," काका म्हणाले. "वडिलांवर गेलीय."

मी ओढणी कमरेला खोचली आणि समस्त शोषितांच्या वतीने लाथ घातली. दार हललं नाही, माझा अंगठा हलला. दुसरी लाथ रागाची होती, तिसरी निव्वळ वैयक्तिक.

"आता बिजागरीपाशी मार बघू," आतला आवाज दाराला चिकटून म्हणाला.

मारली.

"आता खाली."

काकांचा चेहरा उजळत चालला. "जोरात, बाळा," ते पुटपुटले. आपण भांडवलाला फुकट श्रम पुरवतोय हे मला कळत होतं, पण थांबवत नव्हतं.

"वरण गार झालं," म्हणत काकू उलथनं घेऊन आली. तिने ते फटीत सारलं आणि कडी मागे ढकलली. व्यापारी घामाघूम बाहेर आला. त्याने दार खालपासून वरपर्यंत निरखलं. ओरखडासुद्धा नव्हता.

"सरी, ठीक आहे, माल ठेवतो. कडी मात्र माझ्या दुकानातली लावायची."

काकांनी घाईघाईने त्याच्यासाठी पाट मांडला.

"आणि अण्णा, शनिवारी ह्या पोरीला दुकानात पाठवा. गिऱ्हाइकांसमोर लाथा मारू दे."

"मी बाजाराची नोकर नाही," मी एका पायावर उभी राहून म्हणाले.

"दारं खपली तर कारखाना चालेल, पोरी."

यावर कुठल्याच पत्रकात उत्तर नव्हतं. मी अटी घातल्या. मोबदला घेणार नाही आणि लाथेआधी कामगारांवर बोलणार.

"बोल की," तो पाटावर बसत म्हणाला. "पण कानडीत बोल. नाहीतर दाराने तुझं काय बिघडवलं, तेच विचारत बसतील सगळे."

काकू म्हणाली, "आधी जेव. मग शिकवते कानडी."