काकांचा रस्ता दिघीला संपतो

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर आईवडिलांच्या आधी माझ्या तोंडून बोर्ली पंचतनच्या स्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्या काकांचं नाव येतं. आईवडिलांना त्याचं वाईट वाटत नाही, कारण त्यांनाही विचारलं तर ते हेच नाव घेतील. आमच्या सगळ्या भावकीत पहिला पदवीधर मी, आणि मला पदवीपर्यंत नेऊन सोडणारे काका. पण हेही सांगितलं पाहिजे की रेवसपासून हरिहरेश्वरपर्यंतच्या सगळ्या किनाऱ्यावर त्यांच्याइतका मत्सरी माणूस दुसरा नसेल. लोक पैशाचा मत्सर करतात, जमिनीचा करतात. काका मत्सर करायचे तो एका रस्त्यासाठी, आणि तो रस्ता तर खराही नव्हता. त्यांच्याकडून मी पुष्कळ काही शिकलो. हा गुण मात्र त्यांनी न शिकवताच मला आला.

तो रस्ता होता ट्रक चालवण्याच्या एका जुन्या खेळात. खेळ बनवणारी परदेशातली कंपनी केव्हाच गुंडाळली गेली, पण खेळणारे उरले. अशा खेळात लोक आपण होऊन नवे रस्ते, नव्या गाड्या, नवी गावं घालतात आणि इतरांना फुकट देतात, त्याला मॉड म्हणतात. त्या मॉडवाल्यांचं इंटरनेटवर एक गावच वसलेलं होतं, त्याला ते फोरम म्हणत. त्या गावात पोलंडचे लोक होते, ब्राझीलचे होते, आणि बोर्ली पंचतनचे काका होते. काकांनी त्या खेळात माणगावपासून म्हसळ्यावरून, बोर्लीवरून थेट दिघीच्या धक्क्यापर्यंतचा रस्ता बांधला. घाटातली वळणं, रस्त्याखालून ओढ्याचं पाणी नेणाऱ्या मोऱ्या, सुकायला टाकलेली भाताची रास, स्टँडवरचा फुटका नळ, सगळं त्यात होतं. दिघीच्या धक्क्यावर गाडी जेट्टीत, म्हणजे गाड्या पलीकडे नेणाऱ्या बोटीत, चढायची, जेट्टी खाडीत निघायची आणि निम्म्या पाण्यात थांबायची. पुढे काही नव्हतं. पलीकडे आगरदांडा, त्याच्यापुढे मुरुड, पण काकांच्या लेखी तिकडे जग नव्हतं. "आपली हद्द दिघीपर्यंत," ते म्हणत. "पलीकडचं पलीकडच्यांनी बघावं."

रस्ता खेळातला असला तरी मापं खरी पाहिजेत, असा त्यांचा आग्रह. दर रविवारी ते टेप आणि कॅमेरा घेऊन निघत आणि टेपचं दुसरं टोक धरायला, शाळा सुटली की त्यांच्या दुकानातल्या स्टुलावर येऊन बसणाऱ्या मला नेत. लोकांच्या दगडी गडग्यांचे, गोठ्यांच्या दारांचे, शेवाळलेल्या कौलांचे फोटो काढत. एकदा म्हसळ्याच्या अलीकडे एका मोरीची भिंत मोजत होतो, तर शेतातून एक म्हातारे धावत आले. टेप बघून त्यांचा चेहरा उतरला होता.

"सायेब, रस्ता रुंद होनार हाय काय?"

"होणार," काका म्हणाले. ते त्यांच्या खेळातल्या नकाशाबद्दल बोलत होते.

"मंग माजा आंबा?"

काकांनी आंब्याकडे पाहिलं. झाड अगदी रस्त्याला लागून होतं, सरळ रेघ काढली तर जाणारच. म्हाताऱ्यांनी दोन फणस आणून आमच्या पायाशी ठेवले. "रस्ता जरा वरच्या अंगाला घ्या सायेब. थितं काय न्हाय, नुस्ता कातळ हाय." मी खरं सांगायला तोंड उघडलं तर काकांनी मला डोळ्यांनी दाबलं आणि गंभीरपणे म्हणाले, "घेतो." त्यांनी फणस घेतले नाहीत, एक सोडून. आणि संध्याकाळी दुकानात बसून खरोखर रस्ता वरच्या अंगाला घेतला. खऱ्या रस्त्यावर जिथे सरळ पट्टा आहे तिथे काकांच्या नकाशात एक बाक आहे. साऱ्या जगातले ट्रकवाले तिथे येऊन अडखळतात. फोरमवर कुणीतरी लिहिलं की हे वळण चुकलेलं दिसतं. काकांनी मला उत्तर सांगितलं आणि मी ते इंग्रजीत लिहिलं: रस्ता बरोबर आहे, तुमची नजर चुकते आहे. माझ्या आयुष्यात मी स्वतः जुळवलेलं ते पहिलं इंग्रजी वाक्य. शाळेत इंग्रजीला मी घाबरत असे. काकांची भांडणं इंग्रजीत करता करता माझी भीती गेली, आणि बारावीला मला इंग्रजीत चांगले मार्क पडले.

बोर्लीच्या फाट्यावरून ट्रक गेला की नकाशात काकूंचा आवाज येई. काकांनी तो त्यांच्या नकळत भरून घेतला होता. "अहो, जेवायला या! आमटी निवली!" पोलंडच्या एका गृहस्थांनी विचारलं, ही इथली प्रार्थना आहे का? मी कळवलं की नाही, जेवणाची हाक आहे. त्यानंतर ते गृहस्थ त्या फाट्यावर नेमाने ट्रक थांबवून जेवायला जाऊ लागले. हे काकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बघा, कुठला कोण तो माझी हाक ऐकतो. आणि हे इथे पडद्यापुढे बसून ऐकत न्हायत."

त्या फोरमवर एक रीत होती, आणि ती सगळे व्रतासारखी पाळत. दुसऱ्याच्या मॉडमध्ये काही बदलायचं किंवा जोडायचं असेल तर आधी त्याला लिहून मागायचं. मी कोण, मला काय करायचं आहे, कशासाठी करायचं आहे. मूळ माणसाने हो म्हटलं तरच हात लावायचा. काकांकडे अशी पत्रं सारखी येत. कुणाला त्यांच्या घाटात पाऊस पाडायचा असे, कुणाला फुटका नळ दुरुस्त करायचा असे. काका प्रत्येक पत्र छापून काढत, त्यावर लाल पेनाने 'नाही' असं मराठीत लिहीत आणि काउंटरवरच्या तारेला टोचून ठेवत. वीजबिलं आणि ती पत्रं एकाच तारेला. मी एकदा म्हटलं, "काका, पोलंडवाल्यांना तरी द्या. किती वर्षं जेवतात आपल्याकडे." ते म्हणाले, "जेवायला घालीन. म्हणून काय चूल उचलून देऊ?"

मग एक नवा खेळ आला. झगझगीत, पाण्यात आभाळ दिसणारा. फोरमवरची माणसं एकेक करून तिकडे जाऊ लागली. गेलेल्याचं नाव काका पुन्हा घेत नसत. "तो गेला तिकडे," एवढंच म्हणत, आणि तेही असं की ऐकणाऱ्याला वाटावं, दहाव्याला जायचं राहिलं. दुकानात आलेल्या एखाद्या पोराच्या मोबाइलवर तो खेळ दिसला तर त्याची झेरॉक्स फिकी निघायची. मशीनच्या टोनरमध्ये दोष आहे, असं काका सांगत. पुढच्या गिऱ्हाइकाची छान काळी निघे.

जे राहिले ते काकांबरोबर म्हातारे झाले. मी शाळेत असताना फोरमवर इंजिनांच्या आवाजावरून रात्रंदिवस वाद चालत. मी कॉलेज संपवेपर्यंत तिथे इंजिनांपेक्षा गुडघ्यांची चर्चा जास्त होऊ लागली होती. एक ब्राझीलचे आजोबा नातवाचे फोटो लावत, त्यावर काका "ट्रक कुठे आहे?" असं विचारत. कधीकधी एखाद्याचं लिहिणं अचानक बंद होई. मग त्याचे रस्ते तसेच पडून राहत. हात लावायला परवानगी द्यायला माणूसच नसे, आणि रीत मोडायला कुणी तयार नसे.

माझ्यासाठी काकांनी काय केलं ते सांगायला बसलो तर हा लेख फॉर्म भरण्याचा लेख होईल. अकरावीचा, शिष्यवृत्तीचा, वसतिगृहाचा, सगळे फॉर्म त्यांनीच भरले. कॉलेजात नाव घालायला भात लावणीत अडकलेल्या माझ्या बाबांच्या जागी ते माणगावला आले, आणि क्लार्कने "तुम्ही कोण?" विचारल्यावर म्हणाले, "रस्ता ओळखीचा आहे म्हणून आलोय." नकाशाच्या शेवटी ज्यांनी मदत केली त्यांची नावं असतात. तिथे एकच नाव होतं, माझं. मी कंपनीत लागलो, नवी मुंबईत खोली घेतली, पण ते नाव अधूनमधून उघडून पाहत असे. तिथे दुसरं नाव नाही ना, याची खात्री करून झोपत असे.

गेल्या वर्षी फोरम चालवणाऱ्या नॉर्वेच्या गृहस्थांनी कळवलं की त्यांच्याच्याने आता होत नाही. सगळं नव्या जागी हलवायचं ठरलं, पण एका अटीवर. प्रत्येक नकाशाला एक सांभाळणारा हवा, दुरुस्ती करू शकेल असा. ज्याला नसेल तो नकाशा जुन्या जागेबरोबर बंद होईल. नवीन संगणकांवर काकांच्या घाटाचे कठडे आधीच हवेत तरंगू लागले होते. मोतीबिंदूमुळे काकांना एका रस्त्याचे दोन दिसत, आणि ते दोन्हींवर हक्क सांगत, पण दुरुस्त एकही करू शकत नव्हते. मी वाट पाहू लागलो. फोन येणार आणि काका म्हणणार, सुनील, तूच आता. मी ऑफिसातली सुटीसुद्धा शिल्लक ठेवली.

फोन आला नाही, म्हणून मीच गेलो. दुकानात माझ्या स्टुलावर मुरुडच्या नसीमताई बसल्या होत्या. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या, समुद्रालगत छोटं लॉज चालवतात, नवरा जहाजावर. दुपारी लॉज रिकामं असलं की काउंटरवरच्या संगणकावर ट्रक चालवतात. पडद्यावर दिघीचा धक्का होता. गाडी जेट्टीत चढली, जेट्टी खाडीत निघाली, निम्म्या पाण्यात आली, आणि थांबली नाही. पलीकडे आगरदांडा दिसू लागला. नारळ, होड्या, सुकायला टाकलेली मासळी. काका डोळे बारीक करून बघत होते, पहिल्यांदा समुद्र बघणाऱ्या माणसासारखे.

"सुनील, ये. बघ, गाडी उतरली पलीकडे!"

मी म्हटलं, "छान आहे. नारळ जरा वाकडे आलेत."

"मुरुडचे नारळ वाकडेच असतात भाई," नसीमताई हसून म्हणाल्या. "वारा दम घेऊ देत नाही त्यांना."

"पण काकांनी तर आजवर कुणालाच हात लावू दिला नाही."

"मी काय जादू केली नाही हो. इजाजत मागितली. लिहिलं, मी रोज निम्म्या पाण्यात थांबते आणि माझं घर पलीकडे आहे. काका बोलले, कर."

काकू चहा घेऊन आल्या. "तोंड का उतरलंय रे तुझं?" त्या म्हणाल्या. "यांची मोठी नातेवाईक झालीय ही. माझ्या हाकेला न येणारा मानूस तिचा फोन पहिल्या घंटीत उचलतो. मी पन जळते. ये, दोघं मिळून जळू."

नसीमताई शेवटच्या गाडीने गेल्यावर मी काकांना विचारलंच. सांभाळायला त्यांना नेमलं का? काकांनी चष्मा पुसला. "तिची बाजू तिला दिली. बोर्लीची बाजू अजून कुणाला नाही."

"मला कधी विचारलं नाहीत."

"तू मागितलंस कधी?"

"मला मागायला लागतं?"

"सगळ्यांना लागतं. रीत आहे ती," ते म्हणाले. मग तारेवरची पत्रं सारखी करत, "तुला शिकवलं ते पुढे जावंस म्हणून. माझे कठडे रंगवायला परत बोलावलं असतं, तर तुझ्या बापाला काय सांगितलं असतं?"

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसलो. म्हसळ्याच्या अलीकडे रस्ता खरोखर रुंद झाला आहे. तो आंबा नाही. म्हातारेही नाहीत. थोडं पुढे आमच्या गावाचा फाटा आला आणि गेला. खोलीवर पोचल्यावर मी फोरमवर, रीतीप्रमाणे, हे पत्र पाठवलं. काका ते छापून काढतील आणि लाल पेन उघडतील, हे मला ठाऊक आहे.

*काकांना सा. न. वि. वि.*

*मी कोण: तुमच्या टेपचं दुसरं टोक धरणारा.*

*काय करायचं आहे: घाटाचे तरंगणारे कठडे खाली बसवायचे आहेत. आंब्याचं वळण आहे तसंच ठेवीन. नळ फुटकाच ठेवीन. काकूंच्या आवाजाला हात लावणार नाही. मदत करणाऱ्यांत माझ्या नावाखाली नसीमताईंचं नाव घालीन, आणि माझ्याच हाताने घालीन. शिवाय एक जोडायचं आहे. म्हसळ्याच्या अलीकडे आमच्या गावाचा फाटा आहे. नकाशात तिथे तुम्ही 'पुढे रस्ता नाही' असा बोर्ड लावला आहे. शाळेत असल्यापासून मी तो बघत आलो आणि कधी काही बोललो नाही. तो बोर्ड काढायची परवानगी असावी.*

*कशासाठी: पुढे रस्ता आहे, काका. मी त्याच रस्त्याने तुमच्या दुकानात आलो.*

*तुमचा,*
*सुनील*