मिटलेल्या तोंडाचा वाघ

जव्हार संस्थानात मी पाठशाळेत संस्कृत शिकवीत असे, त्या काळातील ही गोष्ट. अध्यापन आटोपले की बाजारातील एका सोनाराच्या ओटीवर मी घटकाभर बसत असे. खोडाळ्याकडील पाड्यावरच्या एका वारली बाईने मुलीच्या लग्नासाठी त्याच्याकडे गळ्यात घालायचा चांदीचा वाघ घडवायला टाकला होता. त्या पाड्यावर वाघ हा देव. नवरीच्या गळ्यात तो पडल्याशिवाय धवलेरी, म्हणजे त्यांची लग्न लावणारी स्त्री, गाणे सुरू करीत नसे.

सोनाराने लाखेवर चांदीचा पत्रा ठेवून, ठोकून त्यात वाघ उठविला होता. तोंड मिटलेले, पाय पोटाशी घेतलेले. मला तो वासरासारखा वाटला. मी म्हणालो, देवीच्या वाहनाचा जबडा विक्राळ असावा, दाढा दिसाव्यात. शास्त्राचा शब्द मानून सोनाराने जबडा उघडला, दात कोरले. मीही प्रसन्न होऊन त्यावर प्राणप्रतिष्ठेचे मंत्र म्हटले. तसे मला कोणी सांगितले नव्हते.

बाई आली ती लग्नाच्याच दिवशी सकाळी. वऱ्हाड संध्याकाळी मोखाड्याहून यायचे होते. वाघ तळहातावर घेताच तिचा चेहरा कठीण झाला. मिटल्या तोंडाचा वाघ जेवून बसलेला असतो, तो घर राखतो. हा तर उपाशी, असे ती म्हणाली. हा बांधून मुलीला परक्या घरी धाडले आणि उद्या तिथल्या गोठ्यात गाय मेली, तर बोल कोणाला लागेल? सोनाराने माझ्याकडे बोट दाखविले.

तिने मला आपादमस्तक न्याहाळले.

“तुझं देव तोंड वासून बसतात का रं, भटा? मंग त्यांचा नैवेद कोण खातं, तूच ना?”

ओटीवरचे दोघे-तिघे हसले. मी देवीचे रूप वर्णिणाऱ्या ध्यानश्लोकाचा अर्थ सांगू लागलो. अर्थ तुझ्याकडे ठेव, मिटल्या तोंडाचा वाघ दे, एवढेच ती म्हणाली.

नवा घडवायला दोन दिवस लागले असते. जबडा ठोकून बसविणे घटकेचे काम होते, पण सोनाराने हातोडी खाली ठेवली. “शास्त्रीबुवा, यात प्राण तुम्ही घातलात. देवाच्या तोंडावर मी घाव घालणार नाही. मला लेकरंबाळं आहेत.”

मी विसर्जनाचे मंत्र म्हणतो म्हणालो. त्यावर ती अधिकच भडकली. देव घालवून नुसती चांदी माझ्या पोरीला देतोस काय, असे विचारून तिने हातोडी माझ्यापुढे सरकविली.

“देव राहू दे. तोंड तू उघाडलंस, तूच मीट.”

मी जानवे सावरले आणि हातोडी उचलली. सोनार घाव कुठे घालावा ते सांगत होता, हात मात्र लावीत नव्हता. प्रत्येक घावाआधी मी मनोमन क्षमा मागत होतो, त्यामुळे हात हलका पडे. ती दोनदा म्हणाली, “असा कुरवाळून मिटत नाय.” शेवटी जबडा बसला, ओठ वाकडा झाला, एक सुळा बाहेरच राहिला. तिने त्यावरून अंगठा फिरविला.

“धवलेरी विचारल. सांगन, भटानं मारला.”

मी हात जोडले. ते न पाहता वाघ पदरात बांधून ती चढाच्या वाटेला लागली. लग्न लागले, असे पुढे सोनाराकडून कळले. त्यानंतर मी ओटीवर बसलो की तो हातातले काम फडक्याखाली झाकून ठेवीत असे.