ठासून भरलेला पेंढा

कर्जतपासून खालापूरपर्यंत हवेवर इतका जीव टाकणारा दुसरा माणूस सापडायचा नाही. माझे थोरले साडू फुकटच्या हवेला घरच्या माणसासारखे सांभाळतात. थंडीत एक जाड रजई घेणार नाहीत, दोन विरलेल्या गोधड्या घेतील; खरी ऊब म्हणे त्या दोघींच्या मधल्या हवेत असते. वैशाखात पाण्याच्या बाटलीला लोकरी स्वेटर चढवून पळसदरीहून माझ्या दुकानात येतात. "बाटलीला थंडी वाजते काय हो?" एका गिऱ्हाइकाने विचारले. "स्वेटर गरम नसतो रं," साडू म्हणाले, "तो नुसता राखणदार हाय. भायेरची गरमी आत सोडत नाय, आतला गारवा भायेर सोडत नाय." मग त्याला गार पाणी पाजले. तो तृप्त होऊन काही न घेताच निघून गेला. असली माझी किती गिऱ्हाइके त्यांनी गार केली असतील!

मी हातगाडीवर कांदे-बटाटे विकून वर आलेला माणूस. पोते हलवून, दाबून, गच्च भरून घ्यायचे ही माझी रीत. गेल्या उन्हाळ्यात मुलगी बाळंतपणाला आली. खाली दुकान आणि गोदाम, म्हणून तिला वरची पत्र्याची खोली दिली. दुपारी त्या खोलीची भट्टी व्हायची, पंखासुद्धा गरम वाराच फेकायचा. बाळाच्या अंगभर घामोळे उठले. "बाबा, हे असंच राहिलं तर मी सासरी जाते," मुलगी म्हणाली. मी तडक साडूंना गाठले.

साडूंच्या सांगण्यावरून पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्या ठोकल्या आणि मधल्या जागेत पेंढा भरून घेतला. अर्थात उभे राहून, मुठीने कोंबून, पत्र्याला टेकेपर्यंत. खोली तापायची ती तापलीच. मी साडूंवर उखडलो. ते शिडीवर चढले आणि निम्मा पेंढा उपसून शेजाऱ्याच्या म्हशीपुढे टाकला.

"अहो, माझा माल आहे तो!"

"अरं, पेंढ्यात अडकलेली हवा ऊन अडवते. तू तिला बसायला जागाच नाय ठेवलीस."

"म्हणजे हवेसाठी मी पेंढा विकत घेतला?"

"मग काय म्हशीसाठी घेतलास?"

मुलगी कितीतरी दिवसांनी हसली. दुसऱ्या दुपारी बाळ गाढ झोपले आणि मुलीने जायचे नाव काढले नाही. म्हशीने खाल्लेल्या पेंढ्याच्या पैशांबद्दल मात्र साडूंनी अजून चकार शब्द काढलेला नाही, आणि मीही ते विसरलेलो नाही.

साडूंना मूलबाळ नाही. त्या उन्हाळ्यात ते रोज दुपारी "छत बघतो" म्हणून वर जायचे, तट्टीला हात लावायचे आणि बाळ उठेपर्यंत पाळण्यापाशी बसून राहायचे. पाऊस लागल्यावर मुलगी सासरी गेली. साडू अजून येतात.

"जरा छत बघून येतो रं."

थोड्या वेळाने वरून पाळण्याची कुरकुर ऐकू येते. रिकामा पाळणा हलवू नये म्हणतात. बायको सांगायला उठते, आणि मी तिला खुणेने खाली बसवतो.